रामवाडीपर्यंत मेट्रो आली, मग पुढे लोहगाव विमानतळापर्यंत का नाही?

साताऱ्याचा_पाव्हणा

नमस्कार मंडळी, प्रश्न साधाच आहे पण डोक्यातून जात नाहीये म्हणून विचारतो.

मागच्या महिन्यात आईला घेऊन दिल्लीला जायचं होतं. साताऱ्याहून एसटीने स्वारगेट, तिथे खाली उतरून मेट्रो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलली आणि रामवाडी. इथपर्यंत एक नंबर. सिव्हिल कोर्टला तो सरकता जिना चढत जातो जातो तरी संपेना, ३३ मीटर खोल आहे म्हणे ते स्टेशन, तर आई म्हणाली अरे एवढी खोल आमची विहीर पण नाही. ती खूश, मी खूश.

आणि रामवाडीला जिना उतरून नगर रोडवर आलो आणि सगळा आनंद संपला. विमानतळ तिथून चार-पाच किलोमीटर. दोन मोठ्या बॅगा, एक पिशवी कंदी पेढ्यांची (दिल्लीच्या आत्याला), रिक्षावाला मीटरवर यायला तयार नाही, ॲपवरची कॅब दोनदा कॅन्सल झाली, शेवटी तीनशे रुपये मोजले तेव्हा कुठे पोचलो. म्हणजे स्वारगेटपासून रामवाडीपर्यंत दोघांचे मिळून जेवढे झाले त्याच्या पाचपट या शेवटच्या तुकड्याला!

तर माझं म्हणणं असं की एवढी हजारो कोटींची मेट्रो बांधली, विमानतळ अगदी हाताशी आला, आणि चार किलोमीटर आधी थांबून का राहिले? कोणाला आतलं माहीत असेल तर सांगा. राजकारण नको प्लीज.

रूळमोजणी

दादा, आतलं काही नाही, सगळं बाहेरचंच आहे, फक्त कोणी गणित मांडत नाही. मांडतो.

रामवाडीच्या पुढे मेट्रो जाणारच आहे, पण विमानतळाकडे नाही, सरळ नगर रोडने वाघोली-विठ्ठलवाडीकडे. दुसऱ्या टोकाचं वनाझ ते चांदणी चौक आणि हे मिळून १२.७५ किमी, १३ स्टेशनं, ३६२६ कोटी, केंद्राची मंजुरी जून २०२५ मध्ये मिळाली. म्हणजे किलोमीटरला साधारण २८४ कोटी. पण हे सगळं खांबांवरून जाणारं काम. आता भुयारी बघा, स्वारगेट-कात्रज ५.४६ किमी आणि २९५४ कोटी. किलोमीटरला ५४० कोटी, जवळजवळ डबल.

विमानतळाची गोम इथेच आहे. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, आपली प्रवासी विमानं तिथे पाहुणी. धावपट्टीच्या जवळ बांधकामाच्या उंचीवर बंधनं असतात, वर हवाई दलाच्या जमिनीचा प्रश्न वेगळाच, सुखोईच्या तळाशेजारून तुम्ही खांब टाकत जाणार म्हटल्यावर परवानगी कुठून कुठून लागेल विचार करा. त्यामुळे शेवटचा भाग तरी जमिनीखालून न्यावा लागेल असं माझं मत. अख्खे साडेचार किमी भुयारी धरले तर चोवीसशे कोटी झाले.

आता प्रवासी. पुणे विमानतळ वर्षाला एक कोटीच्या आसपास लोक वापरतात. मोठा आकडा वाटतो ना? ३६५ ने भागा, दिवसाला सत्तावीस-अठ्ठावीस हजार, तेही येणारे-जाणारे मिळून. त्यातला पाचातला एक जण मेट्रोने आला (हे पण मी उदार होऊन धरतोय) तरी साडेपाच हजार. चोवीसशे कोटी, साडेपाच हजार माणसं.

अजून एक, हे कोणी बोलत नाही. रामवाडीला फाटा फोडला की गाड्या वाटल्या जातात. समजा दर ८ मिनिटांनी गाडी येतेय, तर त्यातली एक वाघोलीला आणि एक विमानतळाला, म्हणजे वाघोलीवाल्याला १६ मिनिटं थांबायला लागणार. तो बिचारा रोज ऑफिसला जातो, आपण वर्षातून दोनदा विमानात बसतो.

वऱ्हाडी_भाऊ

अहो पाव्हणे, तुम्ही चार किलोमीटरसाठी रडून राहिले, आमच्या नागपुरात तं 'एअरपोर्ट' नावाचं स्टेशनच आहे न! मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी मेट्रो सुरू झाली, त्यात एअरपोर्ट, एअरपोर्ट साऊथ, न्यू एअरपोर्ट अशी तीन तीन नावं. बाहेरगावचा माणूस डब्यात नाव ऐकते, खुश होऊन उतरते, अन् पाहते तं काय, समोर वर्धा रोड. विमान कुठंच नाही. टर्मिनल आहे आत, अन् मधात मे महिन्याचं ऊन. बॅग ओढत जाऊन पाहा एकदा ४५ डिग्रीत, बॅगेची चाकं वितळते का तुम्ही वितळता ते सांगा मंग.

बांधणारी कंपनी एकच हं, महामेट्रो, तुमची अन् आमची. म्हणून सांगतो, स्टेशनच्या नावावर जाऊ नका. दरवाजापर्यंत येते का ते विचारा. एक किलोमीटर राहिला काय अन् चार राहिले काय, हातात बॅग असली का रिक्षा करावीच लागते, अन् रिक्षाच करायची तं माणूस म्हणते घरूनच करतो न बाप्पा.

विमाननगरची_ताई

रूळमोजणी साहेब तुमचं गणित वाचलं, पण त्यात एक मोठ्ठं भोक आहे. तुम्ही फक्त विमानात बसणारे मोजलेत. विमानतळावर काम करणारे कुठे गेले? काउंटरवाल्या, सिक्युरिटी, लोडर, सफाईवाले, फूड स्टॉलवरची पोरं, कार्गोवाले, हे तर रोज जातात रोज येतात, वर्षातून दोनदा नाही. नवीन टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झालं तेव्हापासून तर संख्या वाढलीच आहे. माझ्या समोरच्या फ्लॅटमधल्या दोघी एअरलाइनमध्ये आहेत, एक धानोरीची मैत्रीण आहे, सगळ्या स्कूटीवर, पावसात पण. यांना कोणी विचारतच नाही, एअरपोर्ट म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर फक्त ट्रॉली बॅगवाले येतात.

आणि आता कोणीतरी येऊन म्हणेल बस सोडा बस सोडा, तर आधीच सांगते, संध्याकाळी सहाला ५०९ चौकात येऊन उभं राहा. बस पण त्याच गर्दीत अडकणार ना, तिला काय पंख आहेत का. नगर रोडवरची बीआरटी (बसची वेगळी लेन) होती ती पण उखडली.

रूळमोजणी

ताई, कर्मचारी धरले नाहीत हे मान्य, ते धरायलाच पाहिजेत, चूक माझी. पण मग दुसरं दुखणं बाहेर येतं. पुण्याची किती विमानं रात्री अकरा ते पहाटे पाचमध्ये सुटतात बघितलंय? आणि मेट्रो सकाळी ६ ते रात्री ११. तेही जानेवारी २०२५ पासून अकरा झालं, आधी दहालाच शटर. तुमच्या समोरच्या फ्लॅटवालीची शिफ्ट पहाटे तीनची असेल तर तिला भुयारी मेट्रोचा काय उपयोग? स्कूटीच. रात्री रुळांची, तारांची देखभाल करतात म्हणून बंद ठेवायला लागते, हौस म्हणून नाही, त्यामुळे चोवीस तास चालवा म्हणणं सोपं नाही.

म्हणून मी आधी वेळापत्रक बघतो, नकाशा नंतर. दिल्लीचं उदाहरण बघा, एअरपोर्ट एक्सप्रेस फेब्रुवारी २०११ मध्ये चालू झाली, खाजगी कंपनीकडे होती, २०१२ मध्ये पुलाच्या बेअरिंगमध्ये दोष निघाले म्हणून सहा महिने बंद, २०१३ मध्ये ती कंपनी बाहेर पडली आणि डीएमआरसीने (दिल्ली मेट्रोची सरकारी कंपनी) ताब्यात घेतली. नंतर भाडं कमी केलं तशी माणसं वाढली. राजधानीचा विमानतळ असून हे, आपण तर पुणे.

बंगळूरवासी_मराठी

बस म्हटल्याबद्दल ताई चिडणार हे माहीत असून लिहितोय 😅

इथे आमच्याकडे दोन्ही प्रयोग झालेत. विमानतळ शहरापासून लांब देवनहळ्ळीला. जानेवारी २०२१ मध्ये रेल्वेने तिथे एक हॉल्ट स्टेशन सुरू केलं, आधीचीच लाइन, त्यामुळे खर्च फार नाही, तिकीट अगदी किरकोळ, पेपरात फोटो वगैरे आले, मी हौसेने पहिल्याच महिन्यात गेलो. डब्यात मोजकी माणसं. कारण गाड्याच मोजक्या, त्यांच्या वेळा विमानांच्या वेळांशी जुळत नाहीत, आणि स्टेशनपासून टर्मिनल परत तीन-चार किलोमीटर, म्हणजे शटल बस आलीच. विमान चुकलं तर वाचलेले दोनशे रुपये काय चाटायचे?

आणि दुसरीकडे वायुवज्र. साधी एसी व्होल्वो बस, शहराच्या वेगवेगळ्या भागातून, सामान ठेवायला आत वेगळी जागा, आणि रात्रभर चालू. रात्री दोनला उतरलात तरी बाहेर बस उभी असते. ट्रॅफिकमध्ये अडकते का? अडकते, हेब्बाळला तर चांगलीच अडकते. तरी भरून जाते, कारण येणार हे नक्की असतं. मेट्रोचं काम पण चालू आहे विमानतळाकडे, ती येईल तेव्हा येईल, तोवर लोक घरी बसलेले नाहीत.

सासवडकर_अंजीरवाला

तुमची सगळ्यांची भांडणं वाचून मजा येतीय, कारण सरकार म्हणतंय विमानतळच आमच्याकडं आणायचाय! पुरंदरचं ऐकलंच आसंल. २०१६ पासून चाललंय. वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव ही सात गावं. लोकांचा विरोध हाय आणि का नसावा, माझी मावशी पारगावात दिलीय, अंजीर सीताफळाच्या बागा हायत, चार झाडं लावून वाढवायला किती वर्षं जातात ते भूसंपादनाच्या कागदावर मावत न्हाई.

पण ते बाजूला ठिवून एक सांगतो, तुम्ही रेल्वेवालं कसं काय इसरला? आमच्याकडं रूळ आधीपासनंच हाय की. पुणे-मिरज लाइन. फुरसुंगी, आळंदी, शिंदवणे, आंबळे, राजेवाडी, जेजुरी. वीज बी आली तिच्यावर. विमानतळ खरंच झाला तर त्या अंगानंच ही लाइन जाती. मग सातारा, सांगली, कोल्हापूरच्या माणसानं पुण्यात शिरायचंच कशाला? राजेवाडीलाच उतरायचं की.

रूळमोजणी

अंजीरवाले, मानलं तुम्हाला. मी स्वतः त्या लाइनने शंभर वेळा गेलोय आणि हे डोक्यातच आलं नाही.

थोडं पाणी घालतो पण. पुण्याकडून येताना शिंदवण्याचा घाट आहे, वळणं भरपूर, गाडी तिथे पळत नाही, त्यामुळे पुण्याच्या माणसाला फार वेगवान काही मिळणार नाही. पण दक्षिणेकडून येणाऱ्याला मात्र खरंच सोपं. आणि मुख्य गोष्ट, विमानतळ बांधायच्या आधी रुळाची जागा राखून ठेवली, टर्मिनलच्या पोटातच स्टेशनचा खोका बांधून ठेवला, तर खर्च एका मापाचा. नंतर टर्मिनल चालू असताना खालून भुयार काढायचं म्हटलं की पाच मापं. लोहगावला ती वेळ कधीच निघून गेली, ब्रिटिशांनी १९३९ मध्ये तळ केला तेव्हा मेट्रो कोणाच्या स्वप्नात होती. पुरंदरला अजून कागदच आहेत. उद्या विमानतळ झालाच तर निदान नकाशावर एक रेघ आजच मारा, पैसे नंतर टाका.

आणि हो, पुरंदर होणार की नाही हेच नक्की नसताना लोहगावच्या फाट्यावर चोवीसशे कोटी कोण लावणार, हे पण एक कारण आहेच पाव्हण्यांच्या प्रश्नाचं.

विमाननगरची_ताई

म्हणजे पुरंदर होणार म्हणून लोहगावला मेट्रो नाही, आणि पुरंदर तर दहा वर्षं होतंय. आम्ही मधल्या मधे स्कूटीवर. छान.

बरं, बंगळूरवाल्या दादांची बस चालेल मला, पण तीन अटी. रात्रभर पाहिजे, बॅगा ठेवायला जागा पाहिजे, आणि रामवाडीला जिन्याच्या अगदी तोंडाशी उभी पाहिजे, रस्ता ओलांडून पलीकडे नाही. म्हातारी माणसं नगर रोड ओलांडतात ते बघून माझा जीव खालीवर होतो.

वऱ्हाडी_भाऊ

ताई, चौथी अट लिहा. बसवर मोठ्या अक्षरात 'विमानतळ' लिहिलेलं पाहिजे, अन् ती खरंच विमानतळात जायला पाहिजे. आमचा अनुभव आहे.

साताऱ्याचा_पाव्हणा

सगळ्यांचे आभार, मी एक ओळीचं उत्तर मिळेल म्हणून आलो होतो आणि तुम्ही अख्खा डीपीआर (प्रकल्पाचा सविस्तर अहवाल) हातात दिलात. फाट्यामुळे वाघोलीच्या गाड्या निम्म्या होतात हे माझ्या डोक्यातच नव्हतं. राजेवाडीचं आईला सांगितलं तर म्हणाली मग जेजुरीला दर्शन घेऊनच विमानात बसायचं, येळकोट येळकोट. तिचं विमानतळाचं प्लॅनिंग झालंय.

एक शेवटचं विचारतो, पुढच्या महिन्यात तिला परत न्यायचंय, फ्लाइट पहाटे ४.२० ची मिळालीये, स्वस्त होती म्हणून घेतली. मेट्रोने जमेल का काही?

रूळमोजणी

४.२० म्हणजे अडीचला विमानतळावर. शेवटची मेट्रो धरून गेलात तर साडेअकरापासून तिथल्या खुर्च्यांवर बसून राहावं लागेल, आणि रामवाडीची रिक्षा तेव्हा तीनशेत पण येणार नाही. आईंना घेऊन नका करू हे. साताऱ्याहूनच गाडी ठरवा.

साताऱ्याचा_पाव्हणा

म्हणजे विमानाच्या आधी मेट्रोच गेली उडत 😂 बरं, शेजारच्या दादाच्या इर्टिगाला सांगून ठेवतो. पेढे त्यालाही द्यावे लागणार.