एकटा फायटर आणि समोर झुंड : तुमच्या टेबलावर किती टिकला?

मंडळी, डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखे फाशांवरचे रोलप्लेइंग खेळ खेळताना आमच्या गटात हा वाद दर कॅम्पेनला (लांबलचक कथेला) उकरून निघतो. वीस-पंचवीस गॉब्लिन (खुजे राक्षस) समोर आले की वरच्या लेव्हलचा फायटर (लढवय्या) म्हणतो, "येऊ द्या सगळे", आणि डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) गालातल्या गालात हसतो. माझं मत असं, की फायटरचा टिकाऊपणा हिट पॉइंटांत (किती मार सोसेल त्या आकड्यात) कमी आणि तो कुठे उभा आहे यात जास्त असतो. तुमचे अनुभव लिहा. आवृत्ती आणि लेव्हल सांगायला विसरू नका, नाहीतर वेगवेगळ्या खेळांवरून भांडत बसू. विझार्डने (जादूगाराने) फायरबॉल टाकला आणि विषय संपला, असले किस्से नकोत.

सुरुवात मीच करते. डंजन्स अँड ड्रॅगन्स, पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं, अकरावी लेव्हल. प्लेट चिलखत आणि ढाल मिळून एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) २०, हिट पॉइंट १०३. गॉब्लिनला हल्ल्यावर +४, म्हणजे वीसबाजूच्या फाशावर १६ किंवा जास्त पडले तर लागणार, चारांत एक. ग्रिडवर एका माणसाभोवती आठच मावतात. राउंडला (लढाईच्या एका फेरीला) दोन फटके, सरासरी साडेपाचचे, क्रिटिकल (वीस पडले की बसणारा जोरदार फटका) धरून बारा-तेरा हिट पॉइंट गेले. माझे तीन हल्ले, ड्युएलिंग स्टाइलसकट (एकहाती शस्त्राचं कसब) कमीत कमी ८ डॅमेज, आणि गॉब्लिनचे हिट पॉइंट ७. लागला की मेला! खिंडीच्या तोंडाशी एका वेळी तिघेच भिडू शकत होते, तिथे सेकंड विंडसुद्धा (दम घेऊन हिट पॉइंट परत मिळवणं) वापरावी लागली नाही. मग उघड्या माळावर तेच गॉब्लिन शॉर्टबो घेऊन आले. चाळीस बाण, त्यातले दहा लागले, पंचावन्न गेले. गाठायला धावावं तर बोनस अ‍ॅक्शनने डिसएंगेज करून (फटका न खाता मागे सरून) सटकतात. दुसऱ्या राउंडला मी आडवी.

* * *

आम्ही अजून डंजन्स अँड ड्रॅगन्सची जुनी ३.५ आवृत्ती, थ्री पॉइंट फाइव्हच खेळतो, आणि तिथे हे रडगाणं नाही. एसी २८, गॉब्लिनला +२, म्हणजे नॅचरल वीसशिवाय (फाशावरच वीस पडल्याशिवाय) लागतच नाही. आठ जणांनी घेरलं तरी पाच राउंडांत दोन फटके, तेही एक सहाबाजूचा फासा. शंभर हिट पॉइंट संपवायला सत्तरएक राउंड लागतील. शिवाय ग्रेट क्लीव्ह : एक पाडला की शेजारच्यावर फुकटचा वार, तो पडला की पुढच्यावर.

आमच्या डीएमने एकदा एड अनदर (स्वतः न मारता दुसऱ्याच्या वाराला हातभार लावणं) काढलं. सात गॉब्लिन मदत करणार, आठवा मारणार. चार-पाच जणांची मदत जमली, फ्लँकिंगचे (दोन बाजूंनी घेरल्याचे) +२ मिळाले, तरी त्याला चौदा ते सोळा टाकायचेच होते, आणि एवढ्या खटाटोपातून वार एकच. आठांनी आपापला वीस पडायची वाट पाहिली असती तर बरं, असं मी त्याला तिथेच कागदावर मांडून दाखवलं. पुढच्या खेपेला तो अल्केमिस्ट्स फायरच्या (फेकली की पेट घेणाऱ्या द्रवाच्या) बाटल्या घेऊन आला. तिथे टच एसी (नुसता स्पर्श व्हायला लागणारा आकडा) चालतो, माझा ११. चिलखत, ढाल, सगळं शून्य. वर पुढच्या राउंडला पुन्हा भाजतं. पळालो, सरळ पळालो. एका बाटलीला वीस सोन्याची नाणी पडतात. गॉब्लिनांकडे एवढा पैसा आला कुठून, ते डीएमने आजतागायत सांगितलेलं नाही.

* * *

पहिली एडीअँडडी (अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स). एका हिट डायपेक्षा (शत्रूचे हिट पॉइंट ठरवणारा फासा) कमी असलेल्यांवर फायटरला लेव्हलइतके हल्ले मिळतात. नवव्या लेव्हलला गॉब्लिनांवर नऊ! ऑर्क आले की तोच फायटर दोन राउंडांत तीन हल्ल्यांवर येतो, कारण ऑर्कला पुरता एक हिट डाय आहे. खानदानी नियम आहे हा. १९७१ च्या चेनमेल या युद्धखेळातच हीरो चार माणसांच्या बरोबरीने लढायचा आणि सुपरहीरो आठांच्या. आमच्या डीएमने हे वाचल्यापासून गॉब्लिन नामशेष झाले, जिकडेतिकडे ऑर्क.

* * *

डंजन्स अँड ड्रॅगन्स, चौथी आवृत्ती (२००८) : मिनियनला (झुंडीतल्या किरकोळ शत्रूला) हिट पॉइंट एकच. झुंडी कापायला मजा येते, वाद होत नाहीत. पुढे चला.

* * *

लेव्हल वाढली की हिट पॉइंट वाढतात, हे सगळे धरूनच चाललेत. १९७८ च्या रुनक्वेस्ट या दुसऱ्या खेळात तसं काही नव्हतं. मी गर्प्स हा आणखी वेगळा खेळ खेळते. माझ्या तलवारबाजाचा पॅरी (तीन फाशांवर एवढे किंवा कमी पडले की वार अडतो) १४, हिट पॉइंट १२. तिघे भालाईत अंगावर आले. पहिला वार १४ वर अडवला, दुसरा १० वर, तिसरा अडवायला ६ किंवा कमी हवे होते, कारण त्याच तलवारीने पुढचं प्रत्येक पॅरी चारने उतरतं. चौथा मागून आला असता तर बचावच नव्हता. भिंतीला पाठ लावली म्हणून वाचला. दहा जणांशी एकट्याने लढायचं त्याच्या मनातही येत नाही, आणि मला तेच आवडतं.

* * *

मी पाचवी आवृत्ती डीएम करतो. फायटर किती टिकला एवढंच सगळे मोजताय. आमचा बाराव्या लेव्हलचा फायटर चौकाच्या मधोमध पाय रोवून उभा राहिला, आणि डझनभर हॉबगॉब्लिन (गॉब्लिनांचे थोराड भाऊबंद) त्याला वळसा घालून पुढे गेले. रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करायची कृती) राउंडला एकच, त्यामुळे अपॉर्च्युनिटी अटॅकही (निसटणाऱ्यावरचा वार) एकालाच. ज्याला मारायचं त्याच्या शेजारी साथीदार असला की हॉबगॉब्लिनचा वार टर्नमध्ये एकदा २डी६ (दोन सहाबाजूचे फासे) जादा लागतो, आणि बारा जण एकत्र असताना साथीदारांची वानवा नसते. क्लेरिक (आमची पुजारीण) त्याच राउंडला पडली, विझार्ड पुढच्या. फायटर जवळपास कोरा, मागे दोघांचे डेथ सेव्ह (जगणार की मरणार ते ठरवणारे फासे) चालू, आणि टेबलावर भांडण : सेंटिनेल फीट (निसटणाऱ्याला जागीच अडवायचं कसब) का नाही घेतलंस? घेतलं असतं तरी त्या बारांपैकी अडला एकच असता.