मदत हवी आहे : नोकरी सांभाळून होमगार्ड की प्रादेशिक सेना?

नमस्कार मंडळी,

वय 34, राहणार कराड तालुका, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये कायम नोकरी. कॉलेजात एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट केलं होतं. 7 मे 2025 ला देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली, तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे : उद्या खरोखर वेळ आली तर मी कुणाच्या उपयोगी पडणार?

होमगार्डची सुरुवात आपल्या मुंबईतलीच, डिसेंबर 1946 ची, दंग्यांच्या दिवसांतली. 1962 च्या चीन युद्धानंतर ती देशभर रुजली. पंजाब, राजस्थान, गुजरातच्या सीमेवर तर होमगार्डच्या 'बॉर्डर विंग' बटालियन आहेत. आपल्याकडे मात्र होमगार्ड दिसतो तो विसर्जनाला, मतदान केंद्रावर आणि वारीत. लोणंदला भर पावसात एकाला पाहिलंय. खाकी अंगाला चिकटलेली, काठी काखेत, आणि एकेका म्हाताऱ्या माळकऱ्याला हाताला धरून रस्ता पार करून देत होता. हेही देशाचंच काम, मला ते मनापासून पटतं. पण आग विझवणं, ढिगाऱ्यातून माणूस बाहेर काढणं, प्रथमोपचार हे त्यांना खरंच हातात देऊन शिकवतात, की सगळा भर परेडवर असतो?

दुसरा पर्याय प्रादेशिक सेनेचा (टेरिटोरियल आर्मी, टीए), म्हणजे नोकरी सांभाळून करायच्या अर्धवेळ लष्करी सेवेचा. पदवीधर आहे, पगार आहे, वय 42 च्या आत, म्हणजे अधिकारी म्हणून अर्ज करता येतो. कोल्हापूरची 109 मराठा बटालियनही आम्हाला जवळची. अडचण सुट्टीची. वर्षाला साधारण दोन महिने प्रशिक्षण, आणि आमचा गाळप हंगाम दिवाळीनंतर सुरू झाला की लॅबमधून एक दिवससुद्धा सुटका नसते. बोलावणं आल्यावर गेलेल्या माणसाला मालकाने परत कामावर घ्यावं, अशी तरतूद 1948 च्या टीए कायद्यात आहे. पण खासगी किंवा सहकारी संस्थेत ती प्रत्यक्षात पाळली जाते का? मे 2025 मध्ये केंद्राने टीएला पाचारण करण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिले, तेव्हा कुणाला कामावरून टीएच्या सेवेवर जावं लागलं का? त्यांच्या कामावरच्या साहेबांनी काय भूमिका घेतली?

टीएत असलेल्यांनी हेही सांगावं, की वार्षिक शिबिराची तारीख पावसाळ्यात मागून मिळते का. आणि साताऱ्यात होमगार्डच्या जिल्हा समादेशक कार्यालयात कुणी नाव नोंदवलं असेल, तर नोंदणी बाराही महिने चालू असते की भरतीची जाहिरात निघायची वाट बघावी लागते? घरचे तयार आहेत. माहिती हाती आली की लगेच अर्ज करणार आहे.