जुन्या मोटारीतून शहर: तासाभराच्या फेरीचे अनुभव

तलावपाळी

बाहेरगावी गेलेल्यांचे आयफेल टॉवर आणि कलोसियमसमोरचे फोटो आपण बघतोच. मला जरा वेगळं ऐकायचंय. बऱ्याच शहरांत हल्ली जुन्या मोटारीत बसवून तास-दीड तास गाव फिरवून आणतात. पॅरिसला सिट्रोएन, रोमला छोटी फियाट, बर्लिनला ट्राबांट, हवानाला अमेरिकन शेवरले. ठाणे, कळवा, नवी मुंबईतल्या कुणाकुणाची अशी फेरी झाली आहे? गाडी कशी होती, ड्रायव्हर काय बोलला, म्हाताऱ्या माणसांना चढता-उतरता आलं का आणि पैसे वसूल झाले का, ते लिहा. व्हिडिओच्या लिंका नकोत.

सुरुवात मीच करते. आमची फेरी मुंबईचीच, आणि फुकटातली. चुलतदिरांनी त्यांची जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार जिवापाड सांभाळली आहे. रविवारी उजाडता उजाडता नौपाड्यातून निघालो, फ्रीवेने थेट बोरीबंदर. मग हुतात्मा चौक, ओव्हल, मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी. ओव्हलच्या कडेने ते अगदी हळू चालवत होते. एका अंगाला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या अंगाला आर्ट डेकोच्या गोलसर बाल्कन्या. युनेस्कोने २०१८ मध्ये हे दोन्ही मिळून एकच वारसास्थळ जाहीर केलं. बातमी तेव्हा वाचली होती, पण आमच्या नव्या गाडीतून एका वेळी एकच बाजू दिसते. पद्मिनीचे खांब बारीक आणि काचा मोठ्या, त्यामुळे मान वळवली की लगेच पलीकडची बाजू. शिवाय ती पुढची तिकोनी काच! ती तिरकी केली की वारा बरोबर तोंडावर येतो, एसीची आठवणही होत नाही. (निदान सकाळी आठपर्यंत.)

चर्चगेटच्या सिग्नलला शेजारच्या टॅक्सीवाल्याने काच खाली करून विचारलं, "बेचनी है क्या?" दीर दिवसभर खुशीत होते.

कळवा पूर्व

ताई, पद्मिनीचं नाव काढलंत, आता ऐका. आमचे वडील कुर्ल्याला प्रीमियरमध्ये होते. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली कंपनी. इटलीच्या फियाटच्या परवान्यावर गाड्या बनायच्या, म्हणून कारखान्यातली माणसं शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणायची. पद्मिनी हे नाव सत्तरच्या दशकात आलं. त्याआधीची फुगीर नाकाची ती डुक्कर फियाट. तिची पुढची दारं उलटी उघडायची, साडी नेसलेल्या बाईला उतरायला सोयीची, असं आई म्हणते. वडिलांचं मत वेगळं. चालत्या गाडीत तसलं दार उघडलं तर वाऱ्याने सताड फाकायचं, म्हणून पुढे बदललं.

गंमत म्हणजे गाड्या बनवणाऱ्या या माणसाने स्वतःची गाडी कधी घेतली नाही. तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, आणि पैसेही नव्हते. आयुष्यभर लोकलने कळवा ते कुर्ला. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हा सगळे वाहिन्यांवर हळहळत होते. वडील म्हणाले, "पत्रा आम्ही चांगला लावला होता, एवढं कुणी सांगितलं का?"

तुमच्या दिरांना विचारा, वडिलांना पंधरा मिनिटं बसवतील का. चालवायला नको, नुसतं बसायला.

तलावपाळी

विचारायचं काय त्यात? रविवारी घेऊन या त्यांना.

घोडबंदरची सून

पॅरिस. सासूबाई, मी आणि लेक. गाडी सिट्रोएनची टू-सीव्ही, वरचं कापडी छप्पर गुंडाळून मागे टाकलेलं. सासूबाईंचा गुडघा अधू, म्हणून मला धाकधूक होती. पण सीट उंचावर आहे आणि दार बऱ्यापैकी मोठं. सरळ बसल्या आणि म्हणाल्या, "रिक्षापेक्षा बरं."

ड्रायव्हर कॉलेजातला मुलगा. त्याने सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. ही गाडी शेतकऱ्यांसाठी आखली होती आणि अट अशी, की नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी अंडं फुटता कामा नये. १९४८ साली लोकांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हसले, आणि मग घेण्यासाठी रांगा लावल्या. १९९० पर्यंत निघत होती. गिअर खाली नाही, डॅशबोर्डातून छत्रीच्या मुठीसारखा बाहेर आलेला. तो आत ढकलायचा, बाहेर ओढायचा, मध्येच पिळायचा. मी अर्धा वेळ त्याचा हातच बघत होते. वळणावर गाडी एवढी कलते की पहिल्या वळणाला तिघीही ओरडलो. नंतर त्याची मजा वाटायला लागली.

खरी करमणूक आर्क द त्रियोंफच्या चौकात. बारा रस्ते येऊन मिळतात, मध्ये पट्टे नाहीत, आणि आत शिरणाऱ्याला आधी वाट द्यायची. कॅडबरी जंक्शनला संध्याकाळी सातला गाडी चालवणाऱ्या बाईला यात नवल वाटू नये, पण वाटलं. सगळे एकमेकांच्या अंगावर येतात आणि हॉर्न मात्र क्वचित. सासूबाईंनी पूर्ण चक्कर डोळे मिटून रामरक्षा म्हटली. पुढे सेनच्या काठाने जाताना छप्पर उघडं असल्यामुळे पुलावरचे पुतळे, झाडांचे शेंडे, सगळं डोक्यावरून सरकत होतं. बसच्या खिडकीतून इमारतींचा खालचा मजलाच जास्त दिसतो. इथे छतांपर्यंत दिसलं, आणि पॅरिसची छतंच बघण्यासारखी आहेत.

पैसे वसूल? रुपयांत हिशेब केला की पोटात गोळा येतो. पण आख्ख्या सहलीतलं सासूबाईंना नावानिशी आठवतं ते एवढंच, "ती अंड्याची गाडी." लूव्हरचं नावही घेत नाहीत.

कोपरीकर

रोम, फियाट पाचशे. १९५७ सालचं मॉडेल, लांबीला तीन मीटरही नाही. इंजिन मागे, ४७९ सीसीचं. आपली साधी बुलेट साडेतीनशे, हे लक्षात घ्या. चालक धरून चौघं बसलो, म्हणजे एकमेकांत अडकलो. दगडी फरसबंदीवर कंबरेची परीक्षा. मणक्याचं दुखणं असेल त्यांनी लांबच राहावं, स्पष्ट सांगतो.

पण ही चिमुकली गाडी टेकड्यांवरच्या बोळांत जिथे शिरते तिथे बस जाऊच शकत नाही. आव्हेंतिनोच्या टेकडीवर एक बंद दरवाजा आहे, त्याच्या किल्लीच्या भोकाला डोळा लावला की समोर नेमका सेंट पीटर्सचा घुमट. तिथून जानिकोलोला गेलो. तिथे रोज दुपारी बारा वाजता तोफ उडवतात. आमची वेळ जुळली. बायको दचकली, ड्रायव्हर मनापासून हसला. रोज हसत असणार.

ऐरोली शेवटची लोकल

मी जरा वेगळ्या प्रकारची केली. बर्लिनला कंपनीच्या कामासाठी गेले होते, शनिवार मोकळा होता. तिथे ट्राबांट स्वतः चालवायला देतात. पुढच्या गाडीत गाइड, मागे आपल्या गाड्यांची रांग, आणि तो वायरलेसवर बोलतो: आता डावीकडे बघा, आता गिअर बदला. वाशी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेला होता, तो दाखवला आणि किल्ली हातात.

इंजिन सुरू केल्याबरोबर वास आला आणि मी थेट शाळेत पोचले. टू-स्ट्रोक! पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं, मागून निळा धूर, जुन्या रिक्षांचा असायचा तोच. बाकीचे परदेशी लोक नाक दाबत होते, मी खोल श्वास घेत होते. अंग पत्र्याचं नाही. पूर्व जर्मनीत पोलादाची टंचाई, म्हणून कापसाच्या धाग्यांचा चोथा आणि रेझिन दाबून बनवलेलं. टकटक केलं की भरीव, मंद आवाज येतो. पेट्रोलची टाकी बॉनेटखाली, इंजिनाच्याच वर, आणि काटा नाही. टाकीत पट्टी बुडवून बघायचं किती उरलंय.

कळवा पूर्व, तुमच्या वडिलांना सांगा, तिथेही ही गाडी मिळायला दहा-दहा वर्षं थांबावं लागायचं.

आता शहर किती पाहिलं? खरं सांगू, फार थोडं. उजव्या बाजूने चालवायचं, स्टीअरिंगच्या दांड्यावरचा अनोळखी गिअर, ब्रेकवर पाय जोर लावून रोवायचा. कार्ल मार्क्स आलेच्या प्रचंड इमारती आठवतात कारण रस्ता सरळ होता. बर्लिनच्या भिंतीचा तो चित्रं काढलेला सव्वा किलोमीटरचा भाग मी दुसऱ्या दिवशी पायी जाऊन पाहिला. शहर बघायचं असेल तर दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बसा. चालवायची हौस असेल तर ट्राबांटला तोड नाही.

सेक्टर सतरा, वाशी

तुम्हा मंडळींचा प्रवास मोठा. आम्ही कोलकात्याला गेलो होतो, बँकेतून निवृत्त झाल्यावर. तिथे आम्हाला ठरवून दिलेली टूर वगैरे मिळाली नाही. हॉटेलबाहेर पिवळी अ‍ॅम्बेसेडर उभी होती, चालकाशी बोललो, दुपारपर्यंतचे पैसे ठरले. गृहस्थ बिहारचे, तीस-एक वर्षं कोलकात्यात. हिंदीत गप्पा छान रंगल्या.

प्रिन्सेप घाट, कॉलेज स्ट्रीट, मग कुमारटुली. दुर्गापूजेला अवकाश होता, गल्लीत गवताचे आणि मातीचे अर्धवट देह उभे. आपल्या पेणच्या कारखान्यांची आठवण झाली, पण इथे साचा नाही. बांबूवर पेंढा बांधून वर माती चढवत होते. ही पुन्हा आमच्या चालकाची कृपा. तो म्हणाला, मोठ्या रस्त्यावरून काय दिसणार, आणि गाडी सरळ गल्लीच्या तोंडाशी लावली.

ही मोटार मूळची इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनत होती. तिथे व्यावसायिक गाड्यांना पंधरा वर्षांची मर्यादा आहे. चालकाला त्याच्या गाडीची तारीख तोंडपाठ होती. पुढे काय करणार विचारलं तर म्हणाला, "गाँव. और क्या."

मागची सीट एवढी ऐसपैस की सौ. चक्क मांडी घालून बसल्या. ज्येष्ठांसाठी याहून सोयीची गाडी मी पाहिलेली नाही.

हिशेबवाला, मानपाडा

विरोधी मत नोंदवतो. हवाना. गुलाबी, उघड्या टपाची, पन्नासच्या दशकातली शेवरले. बाहेरून झकास. बॉनेट उघडायला लावलं तर आत भलत्याच कंपनीचं डिझेल इंजिन धडधडतंय. अमेरिकेने साठच्या दशकात व्यापार तोडला, सुटे भाग बंद, तेव्हा जे हाती लागलं ते बसवत गेले. त्यांच्या हिकमतीला सलाम. पण मग मी 'क्लासिक'चे पैसे कशाचे दिले? मालेकॉनच्या समुद्रकिनाऱ्यावरून एक फेरी, क्रांती चौकात फोटोला थांबा, परत. मालेकॉन सुंदर आहे, चालत गेलात तर फुकट आहे.

कळवा पूर्व

हिशेबवाले, पैसे इंजिन बसवणाऱ्या मेकॅनिकचे दिलेत असं समजा. भारीच दिलेत.

तलावपाळी

मग मुंबईत हे कुणी पद्धतशीर का करत नाही? पद्मिनी आहेत, इमारती आहेत, लोक आहेत.

मेकॅनिक, वागळे इस्टेट

ताई, नियम बघा. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरप्लेटवर व्हीए येतं. पण तशा गाडीवर धंदा करता येत नाही आणि ती रोज रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच काढायची. पन्नासच्या आतली असेल तर साध्या खासगी पासिंगवर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, वर पर्यावरण कर. आणि भाडं घ्यायचं तर टॅक्सीचा परमिट लागणार, तिथे परत वयाची मर्यादा. म्हणजे हौस म्हणून पाहुण्यांना फिरवा, तिकीट लावू नका.

आणि ठाण्यातच का फिरवत नाही? माझा मार्ग तयार आहे. सकाळी सहाला स्टेशन, कारण १६ एप्रिल १८५३ ची पहिली आगगाडी इथेच आली. तिथून सिव्हिल हॉस्पिटलजवळचं १८७९ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. मग जेल, म्हणजे पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला, जो मराठ्यांनी १७३७ ला घेतला. १९१० मध्ये अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी दिली ती इथेच. मग कौपिनेश्वर मंदिर, मासुंदा तलावाला एक चक्कर, गडकरी रंगायतन, आणि शेवटी उपवन. गाडी तापायच्या आत परत. फक्त हौसेने गायमुख घाटाकडे नेऊ नका, जुना रेडिएटर चढावर उकळणार. वाटेत पाण्याची बाटली ठेवा, कूलंटची नाही, साधी.

घोडबंदरची सून

मामलेदारची मिसळ राहिली की मार्गात!

मेकॅनिक, वागळे इस्टेट

सहाला कुठे उघडी असते? फेरी संपवून जायचं.

सेक्टर सतरा, वाशी

आणि नवी मुंबई? ती वसवणारी सिडको १९७० ची म्हणजे आमचं शहर या गाड्यांपेक्षा धाकटं, पण बेलापूरला वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी आखलेली घरं आहेत, बेलापूरचा किल्ला आहे, थंडीत सीवूड्सला फ्लेमिंगो.

ऐरोली शेवटची लोकल

काका, पाम बीच रस्त्यावर सगळे भन्नाट सुटलेले असतात. तिथे पद्मिनी पन्नासने चालवली तर मागचे हॉर्न मारून जीव नकोसा करतील. आतल्या रस्त्याने, नेरुळमधून या.

तलावपाळी

दिरांना फोन झाला. रविवारी कळवा पूर्वच्या वडिलांना घेऊन मेकॅनिक साहेबांचा मार्ग, सहाच्या ठोक्याला. दीर विचारताहेत, पद्मिनीच्या कार्बोरेटरचं किट अजून कुठे मिळतं?

मेकॅनिक, वागळे इस्टेट

कुर्ल्याला सीएसटी रोडवर विचारा. जुना भाग सोबत न्या, नुसतं नाव सांगून देणार नाहीत.