विसरभोळेपणा सगळा 'टेन्शन'चाच नसतो

बरेच जण म्हणतात की एचआयव्ही झालेला माणूस गप्प बसतो, विसरतो ते निव्वळ टेन्शननं. अर्धंच खरं आहे. उदासी असू शकते, पण विषाणू मेंदूतल्या संरक्षक पेशींत घर करतो, त्यानं सूज राहते आणि आधी मंदावतो तो वेग. नाव आठवतं, पण उशिरा. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. घरचे म्हणतात, 'आळशी झालाय'.

तपासायची साधी रीत आहे. चार शब्द सांगायचे: कुत्रा, टोपी, घेवडा, लाल. मग रोजच्या वापरात नसलेल्या हाताचा अंगठा आणि तर्जनी 5 सेकंद भराभर टेकवायला लावायची. 15 वेळा जमलं की पूर्ण 4 गुण. पुढं टेबलावर मूठ, पालथा पंजा, करंगळीच्या कडेवर उभा हात असा क्रम 10 सेकंदांत चारदा, आणि शेवटी ते शब्द परत विचारायचे. तिन्ही मिळून 12 पैकी 10 किंवा कमी गुण आले तर डॉक्टरांनी पुढचं बघायचं. हा निकाल म्हणजे निदान नव्हे. बी-12, थायरॉइडही बघावं लागतं.

एचआयव्हीमुळं येणारं हे मंदावणं महिनोन्महिने सावकाश वाढतं. ताप, न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, आकडी (फिट) असं काही दिवसांत झालं, त्यात सीडी-4 (रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींची संख्या) 200 च्या खाली असेल, तर मेंदूज्वर किंवा गाठ समजून त्याच दिवशी दवाखाना. आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्याआधीच एआरटी केंद्रावर (जिथं एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात) सांगून जादा महिन्यांच्या गोळ्या किंवा तिकडच्या केंद्राची चिठ्ठी मागावी. खंड पडला की विषाणू पुन्हा वाढतो, मेंदूतही.