रोटाव्हायरस (बाळांना तीव्र जुलाब करणारा विषाणू) लसीचा दुसरा डोस राहिला. आता काय करावे?

प्रश्न (आजोबा, दारव्हा तालुका): कापूस वेचणीच्या दिवसांत सून माहेरी असल्यामुळे नातीचा दहाव्या आठवड्याचा डोस राहिला. ती आता चार महिन्यांची आहे. लस पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागेल का?

आशा सेविका: नाही, काका. पहिला डोस वर्षाच्या आत झालेला असल्याने उरलेले दोन डोस किमान चार आठवड्यांच्या अंतराने देता येतात. कार्ड घेऊन उपकेंद्रात यावे. लस मोफत आहे आणि ती टोचत नाहीत, तोंडावाटे पाजतात.

एक वाचक: आम्ही पाणी उकळूनच पाजतो, तरीही लस हवी?

परिचारिका: हवी. हा विषाणू हातांवरून, खेळण्यांवरूनही पसरतो, त्यामुळे केवळ पाण्यावर भिस्त ठेवता येत नाही. मात्र लसीनंतरही अन्य कारणांनी हगवण लागू शकते. तेव्हा ओआरएस, झिंक आणि अंगावरचे दूध चालू ठेवावे.