मदत हवी आहे: मिनिएचर घोडीच्या गाडीसाठी रिंगणात वाळू, कच की आणखी काही?

नमस्कार मंडळी,

आम्ही ओरेगनला विलामेट खोऱ्यात राहतो. दोन वर्षांपूर्वी लेकीसाठी एक मिनिएचर घोडी घेतली, जाई. उंची ३३ इंच. (इथल्या मिनिएचर हॉर्स असोसिएशनची मर्यादा ३४ इंचांची. माप आयाळीच्या शेवटच्या केसांपाशी घेतात.) लेक तेरा वर्षांची आहे, म्हणजे तिला जाईवर बसता येत नाही. म्हणून ती जाईला दोनचाकी गाडीला जुंपून हाकते. दोघींची जोडी इतकी छान जमली आहे की शाळेतून आली की दप्तर टाकून आधी तबेल्यात पळते.

घरामागे ६० बाय १२० फुटांचं रिंगण केलं आणि तिथेच चूक झाली. घोड्यांच्या रिंगणात वाळू असते एवढंच डोक्यात होतं, म्हणून धुतलेली नदीची वाळू मागवली आणि चार इंच पसरली. जवळजवळ ९० घनयार्ड! दिसायला सुरेख, पण दाणा गोल. त्यावर पाऊल टाकलं की मोहरीच्या राशीवर चालल्यासारखं घसरतं. मोठ्या घोड्याचं यात कदाचित निभावलं असतं. जाईची टाप चहाच्या कपाच्या बुडाएवढी, आणि मागे गाडीची अरुंद चाकं. चाक दोन-अडीच इंच रुततं, पुढे वाळूचा बांध तयार होतो आणि तिला प्रत्येक पावलाला तो चढ चढावा लागतो. दहा मिनिटांत मानेवर फेस आणि नाकपुड्या फुललेल्या. आम्हाला वाटलं सवय नाही, होईल हळूहळू. तिसऱ्या आठवड्यात ती मागचा डावा पाय उचलून धरायला लागली. डॉक्टर म्हणाले, लिगामेंट ताणलंय, सहा आठवडे विश्रांती. त्या दिवशी लेक तबेल्यात तिच्या शेजारी बसून रडली. मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं, कारण वाळू मी निवडली होती.

साताऱ्याहून बाबांनी व्हिडिओवर रिंगण बघितलं आणि पहिलं वाक्य हेच: "अगं, वाळूत गाडी कोण घालतं? मुरूम टाक, पाणी मार, रोलर फिरव." इथे मुरूम मिळत नाही, पण खाणीतून 'क्वार्टर मायनस' मिळतं, म्हणजे पाव इंच खडीपासून अगदी भुकटीपर्यंत सगळं एकत्र. आपल्याकडची कच म्हणा. दगडही सह्याद्रीसारखाच काळा बेसॉल्ट. ती दाबली की छान बसते आणि चाक वरूनच जातं.

आता माझ्या शंका:

जाईला नाल नाहीत. बेसॉल्टचे कोपरे धारदार असतात, नुसत्या कचेवर रोज दुडकी चालली तर टापा झिजतील का? की वर थोडी टोकदार दाण्याची वाळू द्यावी? दिली तर किती?

आहे त्या वाळूतच कच मिसळली तर चालेल का? पुन्हा ट्रक बोलवायचा खर्च जड जातोय, पण जाईच्या पायापुढे तोही करू.

जुलै-ऑगस्टमध्ये इथे पाऊस जवळजवळ नसतोच, कचेची धूळ उडेल. मॅग्नेशियम क्लोराइड मारतात, पण त्याने टापा कोरड्या पडतात असं ऐकलं. शेजारीण 'हॉग फ्युएल' (सालीचा आणि लाकडाचा जाड भुसा) टाक म्हणते. चिखलाच्या वाड्यात ते मी वापरलंय, पण वर्षा-दोन वर्षांत कुजून निसरडं होतं, म्हणून गाडीखाली नको वाटतं.

खाली चिकण माती आहे. पाऊस ऑक्टोबरपासून, म्हणजे हातात दीड महिना.

प्रतिसाद

ताई, घोड्यांतलं मला फार कळत नाही, पण रस्त्याच्या कामात बावीस वर्षं गेली. वाळू मिसळू नका. गोल दाणा कचेला बसू देणार नाही, तुमच्या चाकोऱ्या तशाच राहतील. वाळू काढून बाजूला रचा, तबेल्यात लागेल. मग चिकण मातीवर जिओटेक्स्टाइल कापड, नाहीतर दोन पावसाळ्यांत खडी मातीत गडप. त्यावर पाऊण इंची खडी-चुरा चार ते सहा इंच, दर तीन इंचांना ओलसर करून दाबायचा. वर कच दोन इंच. उतार दीड टक्का, म्हणजे ६० फुटांत साधारण ११ इंच. पाऊस पडल्यावर पाणी साचतं कुठे?

प्रतिसाद

आमच्याकडे इंग्लंडमध्ये दोन शेटलंड (बुटक्या जातीची तट्टं) आहेत, गाडीच ओढतात. दाबलेल्या कचेवर फक्त एक इंच टोकदार वाळू ठेवतो. गाडी गेल्यावर चाकाचा ठसा अर्ध्या इंचाहून खोल दिसला तर वाळू जास्त झाली समजायचं. मॅग्नेशियम क्लोराइड आम्ही टाळतो, सकाळी पाणी मारतो. आणि जाई बरी झाल्यावर आधी पंधरा दिवस नुसती हाताने फिरवा, गाडी नंतर.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. एक इंच म्हणजे २२ घनयार्ड, एवढं झेपेल. दादा, पाणी ईशान्येच्या कोपऱ्यात साचतं, तीन-तीन दिवस हलत नाही. तिकडेच कुंपणापलीकडे शेजाऱ्यांची बाग आहे, त्यामुळे पाणी तिकडे सोडता येणार नाही. उतार उलट्या दिशेला, रस्त्याच्या चरीकडे काढला तर चालेल का?