निवडून आलेल्या सरकारचा जुलूम आणि नागरिकाचा प्रतिकाराचा हक्क: कसोटी कोणती?

प्रश्न

सरकारच्या जुलमाविरुद्ध उभे राहण्याचा हक्क नागरिकाला असतो, हे तत्त्व म्हणून बहुतेकांना मान्य असते. फ्रान्सच्या १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात स्वातंत्र्य, मालमत्ता आणि सुरक्षितता यांच्याच पंक्तीत जुलमाच्या प्रतिकाराचा हक्क बसवलेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या जाहीरनाम्याची प्रस्तावनाही सांगते की, अखेरचा उपाय म्हणून बंड करण्याची पाळी माणसावर येऊ नये असे वाटत असेल, तर मानवी हक्कांना कायद्याच्या राज्याचे संरक्षण असले पाहिजे.

माझी अडचण त्याच्या पुढची आहे. राजेशाहीत किंवा लष्करी हुकूमशाहीत जुलूम ओळखणे तुलनेने सोपे असते. पण सरकार निवडून आलेले आहे, न्यायालये चालू आहेत, कायदा रीतसर संमत झालेला आहे आणि तरीही तो व्यक्तीच्या मूलभूत स्वातंत्र्यावर घाला घालतो आहे, अशा वेळी नागरिकाने काय करावे? न आवडणारा कायदा आणि जुलमी कायदा यांतला फरक कशावरून ओळखायचा? हा निर्णय प्रत्येकाने आपापल्या विवेकाने करायचा म्हटले, तर कर चुकवणाऱ्यापासून दंगल माजवणाऱ्यापर्यंत प्रत्येकजण आपण अन्यायाचा प्रतिकार करत आहोत असेच म्हणेल. या आक्षेपाला आपण काय उत्तर द्याल?

पहिला प्रतिसाद

या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६८९ मध्ये दिले. सत्ता ही सरकारकडे विश्वासाने सोपवलेली ठेव आहे आणि विश्वस्तानेच विश्वासघात केला, तर ती मूळ मालकांकडे, म्हणजे जनतेकडे परत येते, अशी त्याची मांडणी होती. विश्वासघात झाला की नाही हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न त्याने स्वतःच उपस्थित केला आणि जनतेनेच, असे उत्तर दिले. त्यातून रोज उठून बंडे होतील ही भीती त्याला वाटत नव्हती, कारण राज्यकर्त्यांच्या लहानमोठ्या चुका लोक मुकाट्याने सोसतात आणि गैरवापराची दीर्घ साखळी एकाच दिशेने जाताना दिसली, तरच ते उठतात, असे त्याचे निरीक्षण होते. मात्र लॉक बोलतो आहे तो संपूर्ण समाजाविषयी. एकट्या नागरिकाला त्याचा आधार अपुरा पडतो.

माझ्या मते एकट्या नागरिकाने कायद्याला एकच गोष्ट विचारावी: हा कायदा चुकीचा ठरला तर तो दुरुस्त करण्याची वाट मोकळी राहते की हाच कायदा ती वाट बंद करतो? वाढीव कर मला अन्याय्य वाटू शकतो, पण त्याविरुद्ध लिहिता येते, सभा घेता येते, न्यायालयात जाता येते आणि पुढच्या निवडणुकीत तो लादणाऱ्यांना घरी पाठवता येते. २८ फेब्रुवारी १९३३ चा जर्मनीतील हिटलर सरकारचा वटहुकूम मात्र वेगळ्या जातीचा होता. तो राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाखाली, राष्ट्राध्यक्षांच्या सहीने, म्हणजे वरकरणी पूर्णपणे कायदेशीर मार्गाने निघाला. त्याने भाषण, वृत्तपत्रे, सभा, टपालाची गुप्तता आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांची हमी एका झटक्यात स्थगित केली. ही तात्पुरती म्हणवली गेलेली स्थगिती १९४५ पर्यंत उठली नाही. वटहुकूम निघाल्यावर अवघ्या पाच दिवसांनी, ५ मार्चला, निवडणूकही झाली, पण विरोधी पक्षांची माणसे तुरुंगात आणि त्यांची वृत्तपत्रे बंद असताना त्या मतदानाला कितपत अर्थ उरला होता?

कर चुकवणाऱ्याविषयीच्या आक्षेपाचे उत्तर कृतीच्या स्वरूपातच सापडते. कर चुकवणारा आपले कृत्य लपवतो, प्रतिकार करणारा ते जाहीर करतो. १८ मार्च १९२२ रोजी राजद्रोहाच्या खटल्यात गांधीजींनी आरोप कबूल केला आणि न्यायाधीशांपुढे दोनच मार्ग ठेवले: कायदा दुष्ट वाटत असेल तर राजीनामा द्यावा, योग्य वाटत असेल तर जबर शिक्षा करावी. त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. आपल्या कृतीची किंमत उघडपणे मोजायला तयार असलेला माणूस कायद्याच्या राज्याचा अवमान करत नाही, फक्त एका कायद्याला नकार देतो. अर्थात शिक्षा स्वीकारण्याचे हे बंधन खुला खटला चालतो तिथेच लागू होते. जिथे माणसे खटल्याविना नाहीशी केली जातात, तिथे स्वतःला पकडून देण्याची अपेक्षा कोणाकडूनही करता येणार नाही.

दुसरा प्रतिसाद

वरच्या विवेचनात जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटचा आक्षेप आलेला नाही आणि तो गंभीर आहे. १७९३ मध्ये त्याने लिहिले की, राज्यसत्तेचा बळाने प्रतिकार करण्याचा हक्क मान्य केला, तर सत्ता आणि जनता यांच्यातील वाद मिटवणारा तिसरा कोणी उरत नाही आणि सगळी कायदेशीर व्यवस्थाच कोसळते. त्याच वर्षी फ्रान्सने काय केले ते पाहावे. जून १७९३ च्या राज्यघटनेच्या जाहीरनाम्यातील ३५ व्या कलमाने, सरकार हक्क पायदळी तुडवत असेल तर बंड हा जनतेचा सर्वांत पवित्र हक्क आणि सर्वांत अपरिहार्य कर्तव्य ठरवले. ऑक्टोबरमध्ये तीच घटना शांतता प्रस्थापित होईपर्यंत बाजूला ठेवली गेली आणि ज्यांनी ती संमत केली, त्यांच्याच राजवटीत गिलोटिन हे शिरच्छेदाचे यंत्र अहोरात्र चालू राहिले. कांटने नागरिकाच्या हाती लेखणीचे स्वातंत्र्य ठेवले. मला त्याहून पुढे जाण्याचे धाडस होत नाही.

तिसरा प्रतिसाद

कांटच्या देशानेच पुढे वेगळा निर्णय घेतला. पश्चिम जर्मनीने १९६८ मध्ये आणीबाणीविषयक तरतुदी राज्यघटनेत आणल्या, तेव्हा त्यांच्या जोडीने विसाव्या कलमात चौथा परिच्छेद घातला: ही घटनात्मक व्यवस्था मोडू पाहणाऱ्या कोणाहीविरुद्ध, अन्य उपाय शक्य नसेल तर, सर्व जर्मन नागरिकांना प्रतिकाराचा हक्क आहे. सरकारच्या हाती जादा अधिकार देताना नागरिकाच्या हातीही काही ठेवले पाहिजे, ही त्यामागची समज मला फार मोलाची वाटते. अशी तरतूद व्यर्थ आहे, असेही काहीजण म्हणतात, कारण प्रतिकार यशस्वी झाला तर तिची गरज उरत नाही आणि फसला तर तिची दखल घेणारे न्यायालयच उरत नाही.

मला तिचा उपयोग दुसरीकडे दिसतो. या चर्चेत आतापर्यंत सरकार एका बाजूला आणि नागरिक दुसऱ्या बाजूला असे गृहीत धरले गेले आहे. प्रत्यक्षात जुलमाचा हुकूम कागदावर निघतो आणि तो अंमलात आणायला शेकडो माणसे लागतात: यादी करणारा कारकून, दार ठोठावणारा शिपाई, कोठडीला कुलूप लावणारा तुरुंगाधिकारी, अटकेवर शिक्कामोर्तब करणारा न्यायाधीश. हे सगळेही नागरिकच आहेत. प्रतिकाराच्या हक्काची खरी परीक्षा त्यांच्या टेबलापाशी होते, आणि रस्त्यावरचा जमाव त्याच्या बराच नंतर येतो. ९ ऑक्टोबर १९८९ च्या संध्याकाळी कम्युनिस्ट पूर्व जर्मनीतील लाइपझिगमध्ये सरकारविरोधात सुमारे ७०,००० लोक रस्त्यावर उतरले तेव्हा सशस्त्र दले सज्ज होती, पण गोळी झाडली गेली नाही. पुढे बरोबर एका महिन्याने बर्लिनची भिंत खुली झाली.

हुकूम पाळणाऱ्यांची जबाबदारी नंतर न्यायालयांनीही तपासली. पळून जाणाऱ्यांवर गोळ्या झाडणाऱ्या पूर्व जर्मन सीमारक्षकांना १९९० च्या दशकात शिक्षा झाल्या. आम्ही आमच्या देशाचा कायदा पाळला, हा त्यांचा बचाव टिकला नाही, कारण कायदा असह्य प्रमाणात अन्यायी असेल तर त्याने न्यायापुढे माघार घेतली पाहिजे, हे जर्मन कायदेपंडित गुस्टाव राडब्रुखने १९४६ मध्ये मांडलेले सूत्र त्या निकालांच्या पाठीशी होते.

आपल्याकडचे उदाहरण मला याहूनही बोलके वाटते. आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, स्थानबद्ध व्यक्तीला न्यायालयात दाद मागता येणार नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी दिला. त्याआधी नऊ उच्च न्यायालयांनी नागरिकांच्या बाजूने कौल दिला होता. एकट्याने विरोधी मत नोंदवणारे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांना पुढे जानेवारी १९७७ मध्ये डावलून कनिष्ठ न्यायाधीशांना सरन्यायाधीश करण्यात आले आणि त्यांनी राजीनामा दिला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित होऊ शकणार नाही अशी व्यवस्था केली, आणि २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो बहुमताचा निर्णय रद्द ठरवला. खन्नांनी कायदा मोडला नव्हता, दगड उचलला नव्हता. आपल्या खुर्चीवर बसून जे लिहायचे ते त्यांनी लिहिले आणि त्याची किंमत मोजली.

म्हणून मागील प्रतिसादातील लेखणीच्या स्वातंत्र्याशी मी सहमत आहे, पण त्यात निकालपत्र लिहिणाऱ्याची आणि आदेशावर सही करायला नकार देणाऱ्याची लेखणीही धरली पाहिजे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिप्रश्न

तिन्ही प्रतिसादांबद्दल आभार. पहिल्या कसोटीविषयी एक शंका उरते. दुरुस्तीची वाट मोकळी आहे की नाही हे पाहायचे म्हटले, तर संख्येने कायमच कमी असलेल्या समूहाचे काय? त्यांच्यासाठी निवडणूक, सभा, वृत्तपत्रे सगळे चालू असते, पण बहुमत प्रत्येक वेळी त्यांच्या विरोधात जाते. त्यांनी किती निवडणुका थांबायचे?

चौथा प्रतिसाद

त्यांनी थांबू नये, असे मी म्हणेन. वाट कागदावर मोकळी असणे आणि तिच्यावरून चालता येणे यांत फरक आहे, आणि तो पाहायचा असेल तर अमेरिकेतील माँटगोमेरीचा बस बहिष्कार पाहावा. बसमध्ये वंशानुसार वेगळे बसवण्याचे नियम निवडून आलेल्या सभागृहांनीच केले होते, पण ज्यांच्यावर ते लादले होते त्या कृष्णवर्णीय नागरिकांना त्याच राज्यात मतदार म्हणून नोंदणी करणे नाना युक्त्यांनी अशक्यप्राय केलेले होते. स्वतः वाटा न घेतलेल्या निर्णयाचे ओझे बहुमताच्या नावाने त्यांच्या खांद्यावर होते.

डिसेंबर १९५५ मध्ये गोऱ्या प्रवाशासाठी बसमधील जागा सोडायला नकार दिल्याबद्दल रोझा पार्क्स यांना अटक झाल्यावर त्या समाजाने ३८१ दिवस बसचे तिकीट घेतले नाही आणि त्याच वेळी केंद्रीय न्यायालयात दावाही लावला. पायी चालणे हा कोणत्याही देशात गुन्हा नसतो, तरीही राज्याने बहिष्काराविरुद्धचा १९२१ चा एक जुना कायदा शोधून काढून फेब्रुवारी १९५६ मध्ये कित्येक पुढाऱ्यांवर आरोप ठेवले आणि पुढच्या महिन्यात मार्टिन ल्यूथर किंग यांना दोषी ठरवले. ज्या सरकारला नागरिकाने बसमध्ये न चढणेही सहन होत नाही, तिथे दुरुस्तीची वाट खरोखर मोकळी आहे का, याचा निर्णय त्या सरकारनेच देऊन टाकलेला असतो. नोव्हेंबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते विभाजन घटनाबाह्य असल्याचा निकाल कायम केला, आणि आदेश प्रत्यक्ष शहरात पोहोचेपर्यंत, २० डिसेंबरपर्यंत, लोक चालतच राहिले.